पुसण्यापूर्वीची प्रत

काहीही पुसण्यापूर्वी त्याची प्रत ठेवावी, यातच शहाण्या माणसाचे शहाणपण दिसते. लग्नाची कार्यालये ऑनलाइन ठरवून देणाऱ्या इंदिरानगरातल्या एका कंपनीत हे शहाणपण इतके मुरले होते की, प्रत ठेवायची कुठे, असा उद्धट प्रश्न कुणी विचारत नसे. ती त्याच सर्व्हरच्या त्याच डिस्कवर ठेवली जाई. (वेगळ्या डिस्कची मागणी मंजुरीसाठी गेली होती. तिचीही प्रत डिस्कवर होती.)

ही डिस्क निपाणीची शिवलीला सांभाळायची. शनिवारी दुपारी निपाणीत तिची धाकटी बहीण प्रेमा हिचे लग्न. आणि शुक्रवारी सकाळीच डिस्क अठ्ठ्याण्णव टक्के भरली. (कंपनीला एवढे गुण पूर्वी कशातच पडले नव्हते.) ऐन लग्नसराईत बुकिंग अडखळू लागले. तिचे साहेब, राजाजीनगरचे नरसिंहराव, यांनी हुकूम काढला: डिस्क ऐंशीच्या खाली येईपर्यंत रजा नाही.

शिवलीलाने जुन्या नोंदी पुसल्या. अर्थात, आधी प्रत घेऊन. डिस्क अठ्ठ्याण्णवच. नरसिंहरावांनी या सफाईचा सचित्र अहवाल मागवला. नव्याण्णव.

मग तिला खरे दुखणे सापडले. या सर्व्हरवरचा प्रत्येक प्रोग्रॅम आपापल्या कंटेनरमध्ये, म्हणजे स्वतंत्र कप्प्यात, राहतो, आणि त्या सगळ्यांना लागणाऱ्या फायली सारख्याच असतात. फायली डिस्कवर कशा ठेवायच्या हे ठरवणारा स्टोरेज ड्रायव्हर शहाणा असला, तर त्यांची एकच थप्पी सगळ्यांना वापरू देतो. इथला ड्रायव्हर दर कंटेनरला अख्खा संसार नव्याने मांडून देत होता. तो कुणी नेमला, असे विचारताच सगळ्यांनी कंपनी सोडून गेलेल्या बसवंतचे नाव घेतले. (सोडून गेलेला माणूस हे कोणत्याही कंपनीतले सर्वांत उपयुक्त पद होय.)

"सर, ड्रायव्हर बदलूया की. जुना सगळा पसारा पुसला की निम्मी डिस्क मोकळी होतीय बघा."

"सरी, सरी, ठीक आहे. पण आधी त्याची प्रत घे."

"जागाच नाही तर ठेवू कुठं ओ?"

"ते स्वल्प तू बघ," म्हणून नरसिंहराव मीटिंगला गेले. विषय होता, जागेअभावी प्रत घेता येत नसल्यास काय करावे. मीटिंग शनिवारवर गेली.

संध्याकाळी प्रेमाचा फोन आला. "अक्का, हळद लागली माझी. करवली तू, आणि तूच नाहीस व्हय गं?" शिवलीलाला रडू फुटले. ते तिने बाथरूममध्ये उरकले. (रडण्याची प्रत घ्यायचा नियम सुदैवाने नाही.)

शनिवारी सकाळी तिने कुणालाही न विचारता सगळा पसारा पुसला, प्रत न घेता, आणि ड्रायव्हर बदलला. डिस्क एक्केचाळीसवर आली. बुकिंग धावू लागले. पुसले त्यातले काय हरवले, हे आजतागायत एकालाही सांगता आलेले नाही.

"बघ, आधी प्रत घेतली की कसं सुरळीत होतं," नरसिंहरावांनी तिची पाठ थोपटली आणि रजा दिली.

बस अर्धी वाटही न कापता चित्रदुर्गाच्या अलीकडे असतानाच निपाणीत अक्षता पडल्या. भाऊ गिरीराजने तिला लगेच व्हिडिओ पाठवला. फोन म्हणाला, जागा शिल्लक नाही.

शिवलीला पुसायला बसली. एकाच मसाला डोशाचे सहा फोटो, सोडलेल्या खोलीचे वीजबिल, ऑफिसातल्या कुणाकुणाचे वाढदिवस. प्रत्येकावर तिचे बोट थांबे. असू दे, आधी कुठेतरी कॉपी करून ठेवू, मग पुसू. असे करत धारवाड गेले, बेळगाव गेले. ती दारात पोचली तेव्हा मांडव होता, प्रेमा सासरी गेली होती. अक्षता तिने ना डोळ्यांनी पाहिल्या, ना फोनवर.

तिला हसायचे तर जरूर हसा. फक्त आधी स्वतःचा फोन काढा आणि प्रत न घेता त्यातला एक फोटो पुसून दाखवा. कुठलाही चालेल. आम्ही थांबतो.