वाळू धुण्याची योग्य पद्धत

जगातली कोणतीही घाण नाहीशी होत नाही. तिची फक्त बदली होते. घरातली अंगणात जाते, अंगणातली रस्त्यावर, रस्त्यावरची शेजाऱ्याच्या दारात, आणि वारा सुटला की बढती घेऊन पुन्हा आपल्याच घरात रुजू होते. या फिरत्या नोकरीत घाणीला कायमची नेमणूक मिळेल असं एकच ठिकाण माणसाने निर्माण केलं आहे. ते म्हणजे पोहण्याच्या तलावाची वाळूची टाकी.

हे यंत्र समजायला सोपं आहे. (मी बत्तीस वर्षं शाळेत शिकवलं. सोप्या गोष्टी समजावून अवघड करण्याचा मला दांडगा अनुभव आहे.) पंप तलावातलं पाणी ओढतो आणि कमरेएवढ्या उंचीच्या बंद टाकीत ढकलतो. टाकीत वाळू असते. पाणी वाळूतून वरून खाली जातं, घाण वाळूत अडकते आणि स्वच्छ पाणी तलावात परततं. घाण फार साठली की पाण्याला वाट मिळत नाही आणि टाकीवरचा दाबाचा काटा चढतो. मग पंप बंद करून टाकीच्या डोक्यावरचा दांडा फिरवायचा आणि पंप पुन्हा सुरू करायचा, म्हणजे पाणी उलटं, खालून वर येतं. वाळू उसळते, घाण सुटते आणि नळीवाटे बागेत जाते. याला बॅकवॉश म्हणतात. इथवर समजलं असेल तर पुढे जाऊ. नसेल तर पुन्हा वाचा, मी थांबतो.

हा तलाव आमच्या चिरंजीवांच्या घरामागे आहे. त्यांनी घर घेतलं तेव्हा तो घराबरोबर आला, जसा लग्नात मुलीबरोबर एखादा मेहुणा येतो. या सुट्टीत चिरंजीव आणि सूनबाई दोघांनाही सहा आठवडे कामासाठी परगावी जावं लागलं. घर, तलाव आणि नऊ वर्षांची नात आम्हा दोघा म्हाताऱ्यांच्या ताब्यात आली.

नातीपुढे एक प्रश्न होता. सुट्टी संपताच तिच्या वर्गाची सरोवरावर सहल जायची होती. पंधरा मीटर पोहता येणाऱ्या मुलांनाच नावेत बसवायचं, असा शाळेचा नियम आहे. बाकीच्यांनी काठावर बसून नावेचं चित्र काढायचं. मागल्या वर्षी तिने चित्र काढलं होतं. ते चांगलं आलं होतं. तिने घरी येऊन ते फाडलं होतं.

निघताना चिरंजीव मला म्हणाले, "बाबा, तळाशी मी स्टीलची ताटली टाकली आहे. काठावरून ताटली दिसत असेल तरच कुणी पाण्यात उतरायचं. आणि टाकीचा काटा आठवड्यातून एकदा बघा. आत्ता बारावर आहे. वीसच्या वर गेला तर धुवा, नाहीतर हात लावू नका."

एवढंच. सहा आठवड्यांच्या कामासाठी पाच वाक्यं. ना उद्दिष्टं, ना वेळापत्रक, ना नोंदवही. आजकालच्या पिढीला काम सोपवता येत नाही, हे माझं जुनं निरीक्षण आहे.

चिरंजीवांची गाडी वळणापलीकडे जाताच मी तलाव स्वच्छता व देखभाल समिती स्थापन केली. अध्यक्ष मी, चिटणीस मी, विद्यार्थी प्रतिनिधी नात. सभासद म्हणून आमच्या हिचं नाव घातलं, पण पहिल्या सभेला ती आली नाही. (कारण दिलं नाही. कुकर लावत होती.) सभेत पुढील ठराव एकमताने मंजूर झाले. एक, काटा वीसवर जाईपर्यंत वाट पाहणं म्हणजे ताप चढेपर्यंत औषध न देणं होय, सबब वाळू रोज सकाळी व संध्याकाळी धुवावी. दोन, पोहण्याचं शिक्षण पायापासून द्यावं. तीन, पाया कोरडा असावा.

त्या दिवशी ताटली लख्ख दिसत होती. हे नोंदवहीत पहिल्याच पानावर आहे, म्हणून लपवता येत नाही.

"मी उतरू का तिच्याबरोबर?" ही दारातून म्हणाली.

"आधी सिद्धांत," मी म्हणालो. "घाई केली की पुढे पाया कच्चा राहतो."

"पाण्यात पाया लागतो कशाला?" असं काहीतरी पुटपुटत ती आत गेली. मी दुर्लक्ष केलं. अध्यापनशास्त्र तिचा विषय नव्हे.

हॉलमधलं लाकडी बाक पोहण्याच्या प्रशिक्षणाला उत्तम ठरतं. विद्यार्थ्याने त्यावर पोटावर झोपावं, हातपाय दोन्ही बाजूंना हलवावे. पहिल्या आठवड्यात नातीने हाताचे बारा आणि पायाचे आठ प्रकार पूर्ण केले. दुसऱ्या आठवड्यात टाकीची उभी छेद-आकृती, नावांसकट. इथे एक खुलासा केलेला बरा. मला स्वतःला पोहता येत नाही. पण शिकवणाऱ्याला विषय येणं आवश्यक असतं, असं बत्तीस वर्षांत मला कुठे आढळलं नाही.

रोज संध्याकाळी वाळू धुताना ती माझ्याजवळ उभी राहायची. पायात चप्पल, अंगात पोहण्याचे कपडे.

"आजोबा, आज तरी पाण्यात?"

"आधी सांग, बॅकवॉश झाल्यावर दांडा लगेच मूळ जागी का आणायचा नाही?"

"मधल्या खुणेवर अर्धा मिनिट ठेवायचा. वाळू खाली बसते आणि उरलेलं गढूळ पाणी बाहेर जातं. नाहीतर ते तलावात जाईल. आज तरी?"

"शाबास. आता हेच उलट क्रमाने सांग."

ती सांगायची. मुलगी हुशार आहे. एवढं सांगून होईतो उजेड गेलेला असायचा.

आता एका विचित्र गोष्टीकडे वळू. आठव्या दिवशी ताटलीची कड पुसट झाली. दहाव्या दिवशी ताटली आहे की नाही यावर समितीत मतभेद झाले. बाराव्या दिवशी मतभेद मिटले, कारण तळच दिसेना. पाण्यात कुणीतरी चमचाभर दूध कालवल्यासारखं ते दिसू लागलं. शेवाळाचा हिरवा रंग नाही, वास नाही, पाण्यात घालायच्या क्लोरीनची मात्राही बरोबर. नुसता धूसरपणा.

अशा वेळी सामान्य माणूस गांगरतो. मी धुण्याचा वेळ दुप्पट केला. तरी पाणी निवळेना, तेव्हा पंधराव्या दिवशी पंप बंद करून, टाकी उघडून सगळी वाळू बादल्यांनी बाहेर काढली, सात पाण्यांनी धुतली, चार चादरींवर वाळवली आणि स्वयंपाकघरातल्या चाळणीने चाळून परत भरली. (चाळणीविषयी घरात जे बोलणं झालं ते इतिवृत्तात घेतलेलं नाही.) वाळूचा कण न् कण चमकत होता. इतकी स्वच्छ वाळू मी आयुष्यात पाहिली नव्हती आणि इतकं गढूळ पाणीही.

तेविसाव्या दिवसापर्यंतची आकडेवारी अशी: एकूण बॅकवॉश एक्केचाळीस. (पाच वेळा वीज नव्हती. वीज कचेरीला पत्र पाठवलं आहे.) बागेत सोडलेलं पाणी, जवळजवळ एक अख्खा तलाव. पिवळं पडलेलं गवत, बागेचा एक कोपरा. विद्यार्थिनीची लेखी परीक्षा, वीसपैकी एकोणीस. (अर्धा गुण अक्षरासाठी कापला, अर्धा सवयीने.) विद्यार्थिनीचा पाण्याशी प्रत्यक्ष संपर्क, आंघोळीपुरता.

त्या संध्याकाळी चिरंजीवांचा फोन आला. नातीने घेतला.

"बाबा, मला पोहण्यात वीसपैकी एकोणीस मिळाले."

"अरे वा! किती लांब गेलीस?"

"बाकाच्या टोकापर्यंत."

मग तिने माझ्याकडे न बघता, हळू आवाजात विचारलं, "बाबा, या वर्षी चित्र रंगीत खडूंनी काढू का? मागच्या वेळी पेन्सिल होती."

दुसऱ्या दिवशी सकाळी चिरंजीवांनी धाडलेला मिस्त्री दारात हजर. पंप आणि टाक्यांचं काम करणारा, तब्येतीने आडवा आणि बोलण्यात आखूड. त्याने पाणी तपासलं, काटा पाहिला, टाकी उघडली, मूठभर वाळू घेतली आणि बोटांत चोळली.

"काका, ही वाळू इतकी स्वच्छ कशी?"

"आभारी आहे," मी म्हणालो.

"किती वेळा धुता?"

मी नोंदवही उघडून त्याच्यापुढे धरली. त्याने दोन पानं उलटली आणि वही मिटून अदबीने परत दिली. एखाद्या घरात दुःखद घटना घडल्यावर लोक वस्तू परत देतात तशी.

"बघा," तो म्हणाला, "नुसती वाळू जाडंभरडं अडवते. बारीक गाळ तिच्यातून सटकतो. पण थोडी घाण वाळूत अडकून बसली, की तीच पुढच्या बारीक घाणीला अडवते. म्हणून आठवडा-दोन आठवडे तिला हात लावायचा नसतो. तुम्ही रोज जे धुऊन टाकत होता ना, तेच काम करत होतं."

मी चष्मा पुसला.

"मग आता काय करायचं?"

"काही नाही."

"दिवसातून किती वेळा?"

मिस्त्रीने माझ्याकडे पाहिलं, मग आमच्या हिच्याकडे. पिशवीतून पाना काढला, टाकीचा दांडा खोलला आणि तिच्या हातात दिला. "काकू, हा तुमच्याकडे ठेवा. काटा वीसवर गेला की मला फोन करा. आणि काकांना काहीतरी दुसरं काम द्या."

तिने दांडा डाळीच्या डब्यामागे ठेवला. मला शेंगा सोलायला दिल्या.

पुढचे सहा दिवस मी तलावाकाठी खुर्ची टाकून बसलो आणि काही केलं नाही. हे लिहायला एक ओळ लागते, करायला फार ताकद लागते. पंप गुणगुणत होता. टाकीत वाळू आपली आपण मळत होती. तिसऱ्या दिवशी पायरीची कड दिसली. पाचव्या दिवशी तळावर काहीतरी गोल असल्याची अफवा उठली. सहाव्या दिवशी सकाळी नात ओरडत आत आली आणि आम्हा दोघांना हात धरून काठावर घेऊन गेली. ताटली तिथेच होती. सहलीला बारा दिवस उरले होते.

मी घसा साफ करून उजळणीला सुरुवात करणार, एवढ्यात आमची ही, जुने कपडे अंगावर, पदर नाही, ओढणी नाही, पायऱ्या उतरून पाण्यात शिरली आणि पलीकडच्या भिंतीपर्यंत जाऊन परत आली. पाणी फारसं हललंही नाही.

"तुला पोहता येतं?" मी विचारलं.

"लहानपणापासून."

"चाळीस वर्षांत कधी बोलली नाहीस."

"बोलणार कधी? तुम्ही शिकवत होता."

बारा दिवसांत तिने नातीला एकूण तीन सूचना दिल्या. मी शेंगा सोलता सोलता मोजल्या. पहिली, "श्वास सोड." दुसरी, "मान सैल." तिसरी, "आजोबांकडे बघू नकोस." बाकी वेळ ती नुसती बाजूला उभी असायची. नात नाकातोंडात पाणी घेई, खोकून हसे, वेडेवाकडे हातपाय मारी. त्यातला एकही प्रकार माझ्या बारा आणि आठ प्रकारांत बसत नव्हता. हे चुकीचं आहे असं सांगायला मी तीनदा उठलो आणि तीनदा शेंगा सांडल्या.

सहलीआधीच्या शाळेच्या परीक्षेत ती पंधरा मीटर पोहली. तिची पद्धत बेडूक आणि बस चुकलेला माणूस यांच्या मधली होती. परीक्षक बाईंनी पद्धतीबद्दल विचारलं नाही. पलीकडचा काठ तिने हाताने धरला, एवढं पाहिलं आणि कागदावर खूण केली.

सहलीला घरच्या मोठ्या माणसांनाही बोलावलं होतं. पोहता येणाऱ्यांनी नावेत, न येणाऱ्यांनी काठावर, हा नियम त्यांनाही लागू होता. नाव सुटली तेव्हा नात पुढच्या फळीवर आणि आमची ही तिच्या शेजारी. दोघींनी हात हलवला. मी, एक शिक्षक आणि पोहता न येणारी तीन मुलं काठावर राहिलो.

त्यांतली एक मुलगी चपटे खडे पाण्यावर फेकत होती. खडा पाण्यावर टप्पे घेत जावा असा तिचा प्रयत्न असावा. पण मनगट चुकत होतं, कोन चुकत होता आणि खडे तर अगदीच चुकीचे निवडत होती. मी गप्प बसलो. घड्याळ लावून चार मिनिटं गप्प बसलो. मग तिला कोनाचं महत्त्व थोडक्यात समजावून सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं, "बरं आजोबा" म्हणाली, खडे खिशात भरले आणि झुडपापलीकडे, मला दिसणार नाही अशा जागी गेली. थोड्या वेळाने तिकडून आवाज आला: टप, टप, टप. तीन टप्पे. चुकीच्या मनगटाने.

तुम्ही इथवर माझ्यावर हसलात. हरकत नाही, वर्गाने हसावं अशा मताचा मी आहे. पण वाचता वाचता तुमच्या एक लक्षात आलं असेल: पलीकडच्या खोलीतून बराच वेळ काही आवाज आलेला नाही. तिथलं मूल आपलं आपण काहीतरी करत बसलं आहे, आणि बहुतेक चुकीचंच करतं आहे. त्याला काही होणार नाही. तुम्ही फक्त खुर्चीत बसून राहायचं आहे.

मी फक्त बघून येतो, असं म्हणालात ना? मीही तेवढंच म्हणायचो.