गेनूअण्णांनी पारखलेला कॉम्प्युटर

पुण्यातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात काउंटरवर उपरणं पसरून, त्याखाली दुकानदाराची बोटं दाबून भाव ठरवणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. मी पाहिलाय. मी त्याच्या शेजारीच उभा होतो आणि आपला याच्याशी काडीचा संबंध नाही असा चेहरा करून भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होतो.

बैलबाजारात सौदा असाच होतो. आजूबाजूच्यांना भाव कळू नये म्हणून दोघं कापडाखाली एकमेकांची बोटं धरतात आणि बोलायचं ते बोटांनीच बोलतात. आमचा दुकानदार पंचविशीतला, केसांना जेल लावलेला. अण्णांनी त्याची तीन बोटं धरून पिळली तसा तो पांढराफटक पडला. "काका, हात सोडा, तुम्ही म्हणाल तसं करू," म्हणायला लागला. अण्णा माझ्याकडे वळून म्हणाले, "बगितलंस? वळणावर आलं."

गेनूअण्णा म्हणजे माझे घरमालक. मी अमळनेरचा. दोन हजार चार साली इकडे आयटी कंपनीत चिकटलो आणि पुण्याजवळच्या माण गावात त्यांच्या घराची वरची खोली भाड्याने घेतली. अण्णांचं वय पंचावन्नच्या आसपास. बायको चार वर्षांपूर्वी गेली, मुलगी सासरी. जमीन कंपन्यांच्या पार्कात गेली तेव्हा बैलही विकले. बैल गेले, पण बैल पारखायची विद्या काही गेली नाही हो! मग ती विद्या दिसेल त्याच्यावर चालायची.

खोली बघायला गेलो तेव्हा त्यांनी माझा पगार विचारला नाही, कंपनी विचारली नाही. माझ्याभोवती एक फेरी मारली, खांद्यावर अंगठा रोवला आणि म्हणाले, "खांदा नाजूक हाय. पर खोड दिसत न्हाई. ऱ्हा."

"खांदा कसा हाय?" हा त्यांचा सगळ्या जगाला प्रश्न. नवा सरपंच, नवी मोटारसायकल, कुणाचा जावई, काहीही असो. पुतणीला बघायला आलेल्या मुलाला त्यांनी भर अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा चालवलं आणि सगळ्यांदेखत जाहीर केलं, "मागच्या पायात लचाकतुया." बिचाऱ्याला नवे बूट चावत होते. तो जो गेला तो पुन्हा माणमध्ये दिसला नाही.

तर असा हा माणूस एका सकाळी माझ्या खोलीत आला आणि म्हणाला, "इंजिनेर, मला कॉम्पुटर घ्यायचाय. फोटू दुरुस्त करायचा हाय. पंचवीस हजाराच्या वर जायचं न्हाई."

"कसला फोटो?"

त्यांनी सदऱ्याच्या आतल्या खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला फोटो काढला. जुना, काळा-पांढरा. पौडच्या जत्रेत रंगवलेल्या पडद्यासमोर काढलेला. फेटा बांधलेला एक गडी खुर्चीत बसला होता आणि त्याच्या डाव्या बाजूला फोटो संपत होता. म्हणजे कात्रीने सरळ कापलेला होता.

"ह्यो माझा बा. हितं डाव्या अंगाला आई हुती. तिला बशीव परत."

मी म्हणालो, "तिचा अर्धा फोटो कुठाय?"

अण्णांनी अंगणातल्या भिंतीकडे बोट दाखवलं. भिंतीपलीकडे त्यांचा धाकटा भाऊ बबन राहायचा. जमिनीचे पैसे आले त्या वर्षी दोघांत वाटणी झाली आणि तेव्हापासून सहा वर्षं दोघांत बोलणं बंद. त्यांच्यात रीत अशी, की वाटे थोरल्याने पाडायचे आणि आधी उचलायचं धाकट्याने. त्यामुळे थोरला लबाडी करत नाही. रीत चांगली आहे, मी नावं ठेवत नाही. पण हे दोघे इतके पेटलेले होते, की त्यांनी जातंसुद्धा वाटून घेतलं. वरची तळी बबनकडे, खालची अण्णांकडे, आणि दोघंही दळण गिरणीतून आणतात! शिडी मधोमध कापली. आता दोघांपैकी कुणालाच माळ्यावर चढता येत नाही. शेवटी आईबापाचा एकुलता एक फोटो राहिला. अण्णांनी कात्री घेतली, वाटे पाडले. बबनने आईचा उचलला.

"मला वाटलं, कातर घेतली की म्हनंल, ऱ्हाऊ दे," अण्णा म्हणाले. "न्हाई म्हनला. मग मी बी कापला."

"अहो, मग जा आणि मागून आणा. स्कॅन करून परत देऊ."

"मी मागू? थोरला हाय मी."

त्याआधी ते पौडला एका स्टुडिओत जाऊन आले होते. तिथला माणूस म्हणाला, दुसऱ्या कुठल्यातरी बाईचा फोटो लावून देतो, लुगड्यातली आहे, कुणाला कळणार? अण्णांनी पायातली वहाण काढली. तो स्टुडिओ दोन दिवस बंद होता म्हणतात. म्हणून आता घरचा कॉम्प्युटर. अण्णांचा हिशेब साधा होता. मशीन दमदार असलं की अर्ध्या फोटोवरून उरलेला अर्धा ते आपोआप काढेल. बापावरून आई.

मी परोपरीने सांगितलं, की जे फोटोत नाहीच ते कुठलाही कॉम्प्युटर काढू शकत नाही. अण्णा म्हणाले, "तू हलकी मशीन वापारली आसंल."

शेवटी रविवारी आम्ही पुण्याला गेलो.

तयार कॉम्प्युटर घ्यायला त्यांचा साफ नकार. "सजवून उबं केल्यालं जनावर घेऊ न्हाई. एकेक अवयव पारखून घिऊ." मी त्यांना बसमध्येच धडा दिला होता. फोटोच्या कामाला मॉनिटर आणि रॅम चांगलं घ्यायचं, स्पीकर आणि शोभेचे दिवे यांच्यावर पैसा घालवायचा नाही. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि दुकानात शिरल्यावर स्वतःच्या मनाचं केलं.

प्रोसेसर तळहातावर घेऊन ते बराच वेळ बघत राहिले. "ह्यो मेंदू?" म्हणाले. "आन् एवढ्याचे एवढे पैसं?" दुसऱ्या हातात पानसुपारीची चंची धरून वजनाचा अंदाज घेतला. मग कॅबिनेटकडे वळले. त्याच्या पाठीवर थाप मारली, पंखा चालू करायला लावला, कान लावून ऐकलं. "धापा टाकतंय. दुसरं दाव." तिसऱ्याचा श्वास त्यांना पटला.

रॅमची मी एक पट्टी मागितली, दोनशे छप्पनची. अण्णा उखडले. "एका बैलावर नांगुर चालतुया व्हय? जोडी घे. आन् एका जातीची, एका वयाची घे. न्हाईतर एक वढंल आन् एक रेटंल." आता गंमत अशी, की हे बरोबर होतं. सारख्या दोन पट्ट्या जोडीने लावल्या की काम खरंच झपाट्याने होतं. दुकानदार म्हणाला, "सर, अंकलना माहितीय की!" मी कॅलेंडरकडे बघायला लागलो. संगणकशास्त्रातली पदवी माझी आणि शहाणपण यांचं, राग नाही का येणार?

वीजपुरवठ्याच्या डब्याबाबत ते म्हणाले, वैरणीत हात आखडू नये, भारीतला दे. तेही बरोबर निघालं.

पण खरा तमाशा मॉनिटरला झाला. पडद्यावर रंग खरे दिसले पाहिजेत, असं मीच बोलून बसलो होतो. अण्णांनी पिशवीतून लाल मिरची, हळकुंड आणि आंब्याचं पान काढलं. "लाव फोटू," म्हणाले. दुकानदाराने मिरच्यांचं एक चित्र लावलं. अण्णा आपली मिरची पडद्याला टेकवून डोळे बारीक करून बघत. "फिकी हाय." दुसरा. "ह्यात हळद आजारी दिसती." तिसरा. दुकानात गिऱ्हाइकं जमली. एक गृहस्थ तर स्वतःचा मॉनिटर घ्यायला आलेले, ते अण्णांना म्हणाले, "काका, जरा मिरची देता का?" पाचवा मॉनिटर पास झाला. तो पंधरा इंची होता आणि खरं सांगतो, त्याच्याइतके चांगले रंग मी आमच्या कंपनीतही पाहिले नव्हते.

टेम्पोतून खोकी आली ती बबनने भिंतीवरून पाहिली. पुढच्या आठवड्यात त्याच्या ओट्यावर खोकी आली. त्याच्या घरात सचिन नावाचा भाडेकरू होता, माझ्याच कंपनीतला, माझ्याच बसने येणारा. अण्णांनी मला फर्मान सोडलं, "त्याच्यात काय काय हाय, इचार." सचिनलाही तिकडून तेच फर्मान होतं. बसमध्ये आम्ही एकमेकांना आकडे सांगायचो आणि घरी जाऊन दोन भावांना कळवायचो. बबनकडे पाचशे बारा रॅम आहे म्हटल्यावर अण्णांनी एक गिगा केलं. बबनने सतरा इंची मॉनिटर घेतला, मग अण्णांनी हार्डडिस्क दुप्पट केली. पंचवीस हजारांची मर्यादा कधीच पार झाली होती. या कॉम्प्युटरवर एव्हाना एका छोट्या बँकेचा कारभार चालला असता. आमच्याकडे मात्र रोज फक्त अर्धा फोटो उघडायचा, अण्णांनी खुर्ची ओढून बसायचं आणि विचारायचं, "आज आलं का काई?"

"नाही, अण्णा."

"ताकद कमी पडतीया. आनखी एक जोडी लाव."

महिना झाल्यावर बसमध्ये मी सचिनला सहज विचारलं, "तुझा मालक करतो काय रे त्या मशीनवर?"

सचिन म्हणाला, "काय सांगू बाबा! आईचा अर्धा फोटो आहे. म्हणतो, शेजारी वडील काढून दे."

आम्ही दोघं इतके हसलो, की ड्रायव्हरने आरशातून पाहिलं. मग हसू ओसरलं. माझी मलाच लाज वाटली. महिनाभर मी एका माणसाला रॅमचे आकडे पुरवत होतो आणि त्याला हवं ते दहा पावलांवर होतं.

सचिनने आईचा अर्धा भाग स्कॅन करून सीडी दिली. शनिवारी मी दोन्ही भाग जोडले. कात्रीची रेघ घासूनपुसून काढली. रविवारी दुपारी अण्णांना हाक मारली आणि म्हणालो, "अण्णा, आली. बघा."

अण्णा उठले, पडद्याकडे न बघता पाठ करून उभे राहिले. "आदी सांग, आली कशी?"

मी खरं ते सांगितलं, की आईचा अर्धा भाग पलीकडून, बबनच्या घरून आलाय. मला वाटलं, आता वहाण निघणार. पण ते शांतपणे म्हणाले, "बंद कर त्ये. अर्दी त्याची हाय. त्याच्या माघारी बगायची न्हाई."

मग भिंतीपाशी गेले. घसा दोनदा खाकरला. "बब्या!"

पलीकडे भांड्यांचा आवाज चालला होता तो थांबला. उत्तर आलं, "काय हाय?"

"आई जुळलीया. बगायला ये."

मग बबनचा आवाज, जरा चिरकलेला. "माझा मानिटर सतरा इंची हाय. तूच ये हिकडं."

अण्णा म्हणाले, "माजलंय," पण घरात जाऊन त्यांनी हातपाय धुतले, धुतलेला सदरा घातला, टोपी घातली. मी सीडी घेऊन मागे निघालो. सहा वर्षांत ते पहिल्यांदा त्या दारातून आत गेले.

सचिनने फोटो उघडला. बाप खुर्चीत, शेजारच्या खुर्चीत आई. अंगाने बारीक, डोईवर पदर, फोटो काढणाऱ्यावर जरा रागावलेली. दोघं भाऊ स्टुलांवर शेजारी बसून बघत राहिले. कुणी खांदा पारखला नाही, कुणी खोड काढली नाही. दोघांच्याही डोळ्यांना धारा लागल्या होत्या आणि दोघंही त्या एकमेकांपासून लपवत होते.

थोड्या वेळाने बबन म्हणाला, "अण्णा, ती गेली तवा मी दोन वर्साचा व्हतो. मला तिचं काईच आठवत न्हाई. म्हनून त्या दिशी तिचा वाटा उचलला." मग पडद्यावर बोट ठेवून विचारलं, "लुगडं कंच्या रंगाचं व्हतं?"

"डाळिंबी," अण्णा लगेच म्हणाले. "काठ हिरवा. आन् उनात बसली की काठाला चमक मारायची." सचिनने रंग भरायला घेतला. अण्णा शेजारून सांगत राहिले, जरा गडद कर, आता फिका, हां, आसंच. आई तांदूळ निवडताना काय गुणगुणायची, बबनला कशी कडेवर घेऊन हिंडायची, तेही सांगितलं. बबन तोंड उघडं टाकून ऐकत होता.

परत येताना अंगणात मी म्हणालो, "अण्णा, कमाल आहे तुमची. पन्नास वर्षांपूर्वीचं लुगडं काठासकट आठवतंय."

अण्णा पायरीवर थांबले. टोपी काढून हातात घेतली.

"मला तरी कुटं आठवतंय रं? पाच-सा वर्साचं प्वार मी," ते हळूच म्हणाले. "पर त्यो इचारतुया म्हनल्यावर, आठवत न्हाई म्हनून कसं सांगायचं?"