पेपरातला धूर

आमच्या कारखान्याच्या कॅन्टीनमधल्या पेपराला हमखास एक खिडकी असायची. उपग्रहानं काढलेला ढगांचा फोटो छापून आला, की किसन तो ब्लेडनं कापून घ्यायचा. त्या फोटोबरोबर मागच्या पानावरचा कधी क्रिकेटचा स्कोअर जायचा, कधी कुणाचं राशिभविष्य. मग सगळं कॅन्टीन माझ्याकडे बघायचं, कारण किसनला कामावर मीच चिकटवलं होतं. मान खाली घालून चहा प्यायची मला सवयच झाली होती.

किसनला ढगांशी घेणंदेणं नव्हतं. तो शोधायचा डोंगरातला धूर. इन्स्पेक्शनचं भिंग घेऊन तो सह्याद्रीवर ओणवा व्हायचा. फोटोत अख्खा महाराष्ट्र अंगठ्याएवढा, तरी हा ठामपणे सांगणार, "ह्यो ढग न्हाई भाऊ, धूर हाय. आपल्या मावळातनं निघालाय."

"शाईचा डाग असेल रे!"

"म्हनून तर दुसरा पेपर बघायचा. समद्यांत आसंल तर धूर, एकात आसंल तर शाई."

हे त्याचं शास्त्र! त्यापायी तो कासारवाडी स्टेशनात अनोळखी माणसांच्या पेपरात डोकं घालायचा. मी शरमेनं दुसऱ्या डब्यात चढायचो.

त्या उन्हाळ्यात मात्र फोटो धुराविना कोरेच येत होते. एका सकाळी हा तेलकट हातांनी थेट मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये शिरला. "सायेब, तुमच्या पेपरात तरी धूर हाय का?" समोर पाहुणे बसलेले. मला बोलावणं आलं. "हा तुमचाच माणूस ना?" 'हो' म्हणताना मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

बाहेर येऊन मी त्याला फैलावर घेतलं. "लाज कशी वाटत नाही तुला?"

"लाजंपायीच चाललंय हे समदं," तो म्हणाला.

त्याच्या गावी भाताची रोपं करायच्या आधी राब भाजतात, म्हणजे वाफ्यावर पालापाचोळा पसरून पेटवतात. एका वर्षी थोरला भाऊ किसनला राखणीला बसवून जेवायला गेला आणि किसनला डुलकी लागली. आग डोंगरभर पसरली, भावाचा गोठा बैलांसकट जळाला. किसन पळाला तो पुन्हा गावाकडे फिरकलाच नाही.

"धूर दिसला की वाटतं, दादानं यंदा बी राब भाजला. हाय त्यो. औंदा कुटंच दिसंना, भाऊ."

"अरे, रोज लोकलनं चिंचवडला उतरतोस. एक दिवस उतरू नकोस. बसून राहा तुझ्या गावच्या कामशेत स्टेशनापर्यंत."

"कुटल्या तोंडानं जाऊ?"

मला त्याच्यावर केलेल्या आरडाओरड्याची फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मी घरचा पेपर घेऊन गेलो. फोटोत मावळावर एक करडा डाग होता. कॅन्टीनच्या पेपरात तो नव्हता, हे मी किसन यायच्या आत बघून ठेवलं होतं.

"किसन, धूर आहे बघ," मी म्हणालो.

त्यानं भिंग लावलं. बराच वेळ बघत राहिला. शेजारीच कॅन्टीनचा पेपर पडला होता, अजून न कापलेला. त्यानं तो उघडला नाही.