भुतांचा पाहुणचार

सगळं त्या एका 'हो'मुळे झालं.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी कांचन कुकरच्या तळाशी करपलेली डाळ खरवडत उभी होती. सात वर्षांची दीपा मागून तिच्या स्वेटरचं टोक ओढत होती. "मॉम, या वर्षी आपल्या गॅरेजमध्ये हाँटेड हाउस करायचं? सगळं होममेड? प्लीज?" कांचन "हो" म्हणाली. (थकलेल्या बाईला 'नाही' परवडत नाही. 'नाही' म्हटलं की पुढे कारण द्यावं लागतं, आणि कारणावर पुन्हा चर्चा.)

शिवाय मागच्या वर्षीचा घाव अजून ताजा होता. अमेरिकेत फ्रीमाँटच्या त्यांच्या रस्त्यावर घरोघरी चॉकलेटं वाटली जात असताना गिरीशने, म्हणजे कांचनच्या नवऱ्याने, दातांच्या आरोग्याचा विचार करून मनुकांची चिमुकली खोकी वाटली होती. हॅलोवीननंतर वर्गात कुणाचं घर बेस्ट यावर जोरदार चर्चा होते. त्या चर्चेत दीपाला 'रेझिन गर्ल' असं नाव पडलं आणि ते नाताळपर्यंत टिकलं. "इफ दे लाफ अगेन, आय ॲम नॉट गोइंग बॅक टु स्कूल," असं तिने यंदा सांगून टाकलं होतं. सांगताना ती रडली नाही, म्हणून कांचनला ते जास्त लागलं.

आता घरात सासू-सासरे नसते तर गॅरेजमध्ये भुतं उभी करणं ही काही मोठी गोष्ट नव्हती. पण ते जुलैमध्येच अमरावतीहून आले होते, सहा महिन्यांसाठी. सासरे त्र्यंबकराव, घरातले तात्या, जन्मभर हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झालेले. सासूबाई सरलाताई, त्यांना जगातल्या प्रत्येक गोष्टीचं एक 'असतं' आणि एक 'नसतं' पाठ होतं. शिवाय १९८६ साली हॅलोवीन आला शुक्रवारी आणि दिवाळी दुसऱ्याच दिवशी, शनिवारी. म्हणजे एका ओट्यावर चकलीचं पीठ आणि दुसऱ्या ओट्यावर कागदी वटवाघळं, आणि मधोमध कांचन. सकाळी ओरडून ओरडून दीपाला शाळेत पाठवणं आणि मग लॅबमध्ये अर्धा दिवस नोकरी होतीच.

पहिली सहल भोपळ्यांच्या शेतावर झाली. हाफ मून बेच्या बाजूला, स्टेशन वॅगनमधून, सासूबाईंना वळणांवर मळमळत असताना. समोर नजर पोचेल तिथपर्यंत भोपळेच भोपळे.

"एवढे भोपळे!" सरलाताई म्हणाल्या. "आणि खात कोणी नाही?"

"नाही आई. कोरतात, आत दिवा लावतात, आणि मग टाकून देतात."

"टाकून देतात," सरलाताई पुन्हा म्हणाल्या, आणि गवताच्या भाऱ्यावर जाऊन बसल्या. तात्या मात्र प्रत्येक भोपळ्यावर बोटाने टिचकी मारत, कान लावत फिरत होते. त्यांच्या मागे तीन-चार अमेरिकन मुलं टिचक्या मारत फिरू लागली, तेव्हा दीपा जाऊन गाडीत बसली.

घरी आल्यावर कांचनने सुरी घेतली.

"थांब!" सरलाताई ओरडल्या. "अख्ख्या भोपळ्याला पहिली सुरी बाईने लावायची नसते."

"का?"

"नसते."

(मोठ्या माणसांच्या शास्त्रात 'का'ला एवढंच उत्तर असतं. एम.एस्सी.ला कांचनने हे उत्तर पेपरात लिहिलं असतं, तर अजून पुण्यातच एटीकेटी सोडवत बसली असती.)

गिरीश ऑफिसात. मग सुरी तात्यांकडे गेली. तात्यांनी आधी दीपाची कंपासपेटी मागवली. भोपळ्याचा मध्य काढला, दोन समभुज त्रिकोण आखले, नाकासाठी लंब टाकला. दीपा पेंगायला लागली तरी तात्या कोन मोजत होते. शेवटी चेहरा इतका प्रमाणबद्ध उतरला की त्याला बघून भीती वाटेना, गृहपाठ दाखवावासा वाटे. आतला गर सरलाताईंनी उचलला आणि रात्री त्याचे घारगे झाले. त्या दिवशी तेवढीच एक गोष्ट सरळ झाली.

पुढे दाराला लावायच्या सांगाड्यावरून वाजलं. "पहाटे अभ्यंगस्नान, आणि आदल्या संध्याकाळी दाराला सांगाडा?" सरलाताईंनी कपाळाला हात लावला. शेवटी वाटाघाटी होऊन पुढच्या दाराला झेंडूचं तोरण आणि शेजारच्या गॅरेजला सांगाडा असं ठरलं. रस्त्यावरून बघणाऱ्याला या घरात दोन वेगळे पक्ष राहतात असं वाटलं असतं, आणि ते काही फार खोटं नव्हतं.

शुक्रवारी कांचनने पहाटेपासून द्राक्षं सोलली. सोललेलं द्राक्ष अंधारात हाताला लागलं की डोळ्याच्या बुबुळासारखं वाटतं, असं लॅबमधल्या कुणीतरी सांगितलं होतं. (सोलून सोलून कांचनची स्वतःची बुबुळं बाहेर यायची वेळ आली, ते कुणी सांगितलं नव्हतं.) उकडलेल्या स्पॅगेटीला तेल चोळून आतडी केली. जुन्या चादरी दोऱ्यांवर टांगून गॅरेजात बोळ केले. दीपाचा पोशाखही घरचाच: सरलाताईंचा केशरी परकर गळ्याशी नाडीने बांधला, आत वर्तमानपत्रांचे बोळे कोंबले, झाला भोपळा. परकर द्यायला सरलाताईंनी खळखळ केली नाही, हे कांचनने मनातल्या मनात त्यांच्या खात्यावर जमा केलं.

बेत अगदी साधा होता. मुलांनी अर्धवट उचललेल्या गॅरेजच्या दाराखालून आत शिरायचं, चादरींच्या बोळांतून जायचं, कांचन काळी शाल पांघरून अंधारात बसलेली, तिच्यासमोरच्या वाडग्यांत हात घालून किंचाळायचं, आणि आतल्या दाराने घरच्या पॅसेजमध्ये येऊन पुढच्या दाराने बाहेर पडायचं. पॅसेजमध्ये गिरीश चॉकलेटं घेऊन उभा राहणार होता.

सव्वापाचला गिरीशचा ऑफिसातून फोन आला. "मीटिंग लांबली गं. आणि फ्रीवे पूर्ण जाम आहे म्हणतात."

कांचनने फोन ठेवला आणि समोर वर्तमानपत्र वाचत बसलेल्या तात्यांकडे पाहिलं. तिला दुसरं कुणी दिसेना.

"तात्या, एक काम कराल? तुम्ही फक्त पॅसेजमध्ये उभे राहा. मुलं आली की प्रत्येकाच्या पिशवीत एक चॉकलेट टाका, आणि दार दाखवा. बस. एवढंच."

"एवढंच ना?" तात्यांनी चष्मा पुसला. "निश्चिंत राहा, सूनबाई."

अंधार पडला आणि पोरांची रांग लागली. भुतं, चेटकिणी, चाचे, खोक्याचा एक रोबो. दीपा रस्त्याच्या कडेला भोपळा होऊन उभी राहून एकेकाला आत सोडत होती. आत किंकाळ्या बऱ्या निघत होत्या. बुबुळांना प्रतिसाद उत्तम. कांचन पायाला मुंग्या येईपर्यंत घुमत, हुंकारत होती, आणि कित्येक दिवसांत पहिल्यांदाच तिला वाटलं की आज सगळं नीट होणार.

मग बाहेर कुजबूज वाढली. गॅरेजच्या दाराखालून शेजारच्या लिंडाचं डोकं आत आलं.

"कांचन? ब्रायन अजून आत आहे का? बराच वेळ झाला."

"तो केव्हाच बाहेर गेला."

"नाही गेला," लिंडा म्हणाली. "खरं सांगू का, कुणीच बाहेर आलेलं नाही."

तिच्या मागून केशरी परकर वाकला. "मॉम! नोबडी इज कमिंग आउट! एव्हरीबडी इज आस्किंग मी!" आणि या वेळी दीपाचा आवाज रडवेला होता.

कांचन शाल, टॉर्च आणि तेलाने माखलेले हात घेऊन आतल्या दाराकडे धावली. पॅसेजमध्ये तात्या नव्हते. तिथे बुटांची रांग होती. लहान बूट, मोठे बूट, चाच्याचे गमबूट, आणि विदूषकाचे हातभर लांब जोडे, सगळे टाचा जुळवून भिंतीला लावलेले.

हॉलमध्ये सगळी भुतं बसली होती. काही सोफ्यावर, काही अंथरलेल्या चादरीवर, ओळीने, मांडी घालून. रोबोला खोक्यामुळे बसता येत नव्हतं, म्हणून त्याला भिंतीला टेकवून ठेवला होता. प्रत्येकासमोर कागदी बशी, बशीत चकली, शंकरपाळे, बेसनाचा लाडू. सरलाताई पदर खोचून वाढत होत्या. अंगावर हाडं रंगवलेल्या सांगाड्याशी त्या थांबल्या. "अगं बाई, किती वाळलाय हा," त्या कळवळून म्हणाल्या आणि त्याच्या बशीत आणखी दोन लाडू ठेवले.

मधोमध खुर्चीवर तात्या. समोर एक छोटी चेटकीण उभी.

"व्हॉट इज युअर गुड नेम? फादर्स नेम? व्हेरी गुड. नाऊ टेल मी, थर्टीन सेव्हन्स आर?"

चेटकिणीचा खालचा ओठ थरथरू लागला.

कांचनच्या डोळ्यांपुढे सगळं एकदम उभं राहिलं. घरी केलेला खाऊ अनोळखी मुलांना द्यायचा नाही, कोण काय घालेल याची इथे धास्ती असते, हे दीपाच्या टीचरने दहादा बजावलेलं. बाहेर आया. सोमवारी वर्ग. मनुकांचं परवडलं असं म्हणायची पाळी. आणि जुलैपासून तिने जे जे गिळलं होतं ते सगळं एका दमात वर आलं.

"तात्याऽऽ!" ती किंचाळली. "हे पाहुणे नाहीत! यांना बसवायचं नसतं! दारात उभं करायचं, पिशवीत चॉकलेट टाकायचं आणि हाकलायचं! एक काम सांगितलं होतं मी, एक! आणि आई, यांना घरचं खायला द्यायचं नसतं, यांच्या आया पोलीस बोलावतील! भोपळा कापायचा नसतो, सांगाडा लावायचा नसतो, तिन्हीसांजेला केर काढायचा नसतो, रात्री नखं काढायची नसतात! नसतो, नसतो, नसतोऽऽ! अहो, मी काय करायचं असतं ते एकदा सांगून टाका आणि सोडा मला!"

शेवटचा 'नसतो' इतका वर गेला की तिचाच आवाज फाटला. टॉर्च हनुवटीखाली पेटलेलाच होता. दुसऱ्या तेलकट हाताने तिने केसांत बोटं खुपसली होती, आणि ते आता उभेच राहिले होते.

सगळी भुतं बश्या धरून तिच्याकडे बघत राहिली. तात्या मात्र शांतपणे म्हणाले, "सूनबाई, दिवाळीच्या तोंडावर लेकरं दारात आली. उभ्याउभ्या हाकलायची, तर मग ते देणं कसलं?"

कांचनने टॉर्च विझवला. (हे बरोबर होतं, म्हणून तर ती आणखी चिडली. चुकलेल्या माणसाने निदान चुकीचं बोलावं.)

तेवढ्यात चेटकिणीने संधी साधली आणि गॅरेजकडे धूम ठोकली. तिच्यामागे सगळी भुतं उठली, बूट हातात, बश्या हातात, किंचाळत, एकमेकांना ढकलत. रोबो दारात आडवा अडकला, त्याला चाच्याने मागून लाथ घालून मोकळा केला. मिनिटभरात हॉलमध्ये उरले खुर्चीतले तात्या, आणि सरलाताई, हातात लाडवांचा डबा घेऊन. "अगं, त्या पोरीने काहीच खाल्लं नाही," त्या म्हणाल्या.

कांचन हळूहळू बाहेर निघाली. माफी कुणाकुणाची आणि कोणत्या क्रमाने मागायची हे तिने पॅसेजमध्ये ठरवून टाकलं. दीपाची सगळ्यात शेवटी, कारण ती सगळ्यात अवघड.

बाहेर रस्त्यावर पोरांचा नुसता गोंधळ माजला होता. ब्रायन आईला धरून उड्या मारत सांगत होता. आधी एक म्हातारा सगळ्यांचे बूट काढून घेतो! मग बापाचं नाव विचारतो! मग गणित घालतो, आणि चुकलं की वाळवलेला कोळी खावा लागतो! मी आख्खा खाल्ला! त्याने हातातली अर्धी चकली लिंडाच्या नाकासमोर धरली. लिंडाचा चेहरा पडला. ब्रायनने उरलेला कोळी तोंडात टाकला आणि विचारलं, "कॅन आय गो अगेन?"

"आणि गॅरेज?" कांचनने न राहवून विचारलं. "बुबुळं? आतडी?"

ब्रायनने क्षणभर आठवून पाहिलं. "दॅट वॉज ओके," तो म्हणाला.

ज्यांची मुलं अजून आत गेली नव्हती त्यांनी रांग धरली. पलीकडच्या रस्त्यावरूनही पोरं धावत येत होती. दीपाभोवती वर्गातल्या मुलींचा घोळका जमला होता, आणि त्यातली एक तिच्या परकराला हात लावून विचारत होती, तो म्हातारा खरंच तुमच्याकडे राहतो? कायमचा? दीपाने मान वर करून सांगितलं, "टिल जानेवारी." तिचा चेहरा असा उजळला होता की कांचनला आपला थकवा अंगातून उतरल्यासारखा वाटला. नाही म्हटलं तरी सगळा खटाटोप तिनेच केला होता. निदान हे तरी तिचं होतं.

लिंडाने तिच्या दंडाला हात लावला. "कांचन, यू मस्ट टेल मी. आम्ही पण दुकानातून भुतांच्या आवाजाची टेप आणली, पण ती अगदीच मुळमुळीत निघाली. तुमची ती बाई! ती 'नासातो, नासातो' करत किंचाळते ती! इथे रस्त्यावर आमच्या अंगावर काटा आला. कुठे मिळाली ही टेप?"

कांचनने तोंड उघडलं. पण भोपळा मध्ये आला.

"दॅट्स नो टेप," दीपा अभिमानाने म्हणाली. "दॅट्स माय मॉम. शी डज इट एव्हरी मॉर्निंग."