उत्कृष्ट ध्वनिमुद्रणाचं बक्षीस

आई झाल्यापासून मी कुठलीही गोष्ट नशिबावर सोडत नाही. नवऱ्याला वार्षिक चित्रपट पुरस्कारांत उत्कृष्ट ध्वनिमुद्रणाचं नामांकन मिळालं, तेव्हा सात महिन्यांच्या पिल्लूचा बंदोबस्त मी असा केला, की गुप्तहेरांनी माझ्याकडे शिकवणी लावावी!

सभागृहात तान्ह्या मुलांना प्रवेश नव्हता. म्हणून सासूबाई आणि पिल्लू रंगमंचामागच्या मेकअपच्या खोलीत, सोहळा दाखवणाऱ्या, पण आवाज बंद केलेल्या टीव्हीसमोर. नवऱ्याच्या पेटीतला बटणाएवढा बिनतारी माइक मी पिल्लूच्या दुपट्याला अडकवला आणि इअरफोन कानात घालून तिसऱ्या रांगेत बसले. पोराला शिंक आली तरी मला कळणार होतं. नवऱ्याला काही सांगितलं नाही. अकरा वर्षांत पहिलंच नामांकन. तो आधीच गिरणीच्या पट्ट्यासारखा थरथरत होता. घरी चार शब्द बोलायची मारामार, आणि जिंकलो तर हजार माणसांपुढे बोलावं लागेल ही धास्ती.

प्रसिद्ध अभिनेत्रीने पाकीट फोडलं, माइकपाशी वाकली, आणि सभागृहाच्या कर्ण्यांतून सासूबाई म्हणाल्या, “ही बघ पिल्ल्या, सिनेमात रडते ना, ती हीच. हिच्यापेक्षा तू बरा रडतोस.”

मी घाईघाईने इअरफोन काढला. आवाज तसाच! आमच्या माइकची आणि सभागृहाच्या माइकची बिनतारी वाहिनी एकच निघाली होती.

“तुझ्या बापाला मिळालं तर बरं,” सासूबाई निवांत सांगत होत्या. “नाहीतर महिनाभर सुतकी तोंड करून बसेल. शाळेत पळण्यात चौथा आला, तर दोन दिवस पलंगाखालून निघेना.”

सभागृह खो-खो हसत होतं. नवऱ्याचे कान लालबुंद. शेवटी अभिनेत्रीने पोट धरून, माइक सोडून, नुसत्या आवाजात ओरडून नाव सांगितलं. नवऱ्याचंच! तो रंगमंचाकडे निघाला आणि मी मेकअपच्या खोलीकडे धावले.

माइक उपटला. सासूबाई डाफरल्या, आत्ता कुठे डोळा लागलाय त्याचा. मी बाजूच्या पडद्याआडून रंगमंचावर पाहिलं. नवरा माझ्या रिकाम्या खुर्चीकडे बघत बोलत होता. चार शब्द नाही, चांगली दोन मिनिटं! आणि ऐकू काहीच येत नव्हतं. घाबरलेल्या ध्वनितंत्रज्ञाने खबरदारी म्हणून सगळ्याच तारा उपटल्या होत्या. उत्कृष्ट ध्वनिमुद्रणाचा मानकरी मूकपटासारखा ओठ हलवून खाली उतरला.

परतताना गाडीत मी माफी मागितली, मग हळूच विचारलं, काय बोललास?

गाडी वळवता वळवता तो म्हणाला, “तुझ्याबद्दल बोललो. सगळं.”

“सगळं म्हणजे?”

“एकदा बोललो ना,” तो म्हणाला आणि गिअर बदलला.

पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांची यादी मी आयोजकांकडून मिळवली आहे. ओठांवरून बोलणं ओळखणारं कुणी त्यात निघतं का, रोज दोघा-तिघांना फोन करून बघते.