भैय्याजींची नळी

“भैय्याजी, डिगरीवाल्याले सूक्ष्मदर्शकात जास्त दिसते का जी?”

मैत्रिणींनी पैज लावली म्हणून दहावीतल्या गोपिकाने हे देवळीच्या दवाखाना कमिटीला भर मुलाखतीत विचारलं. तिचे बाबा, बापूराव, तिथे सतरा वर्षं रक्त-लघवी तपासत होते. सुरुवात बाटल्या धुण्यापासून, शिक्षण नववी. यंदा, म्हणजे ब्याऐंशी साली, कमिटीने ठरवलं की पदवीधरच हवा. वर्ध्याहून प्रमिलाबाई बी.एस्सी. आल्या होत्या आणि बापूरावांची नोकरी चालली होती.

अध्यक्ष भैय्याजींना प्रश्न भलताच आवडला. एकच नमुना दोघांनी तपासायचा, ज्याचं उत्तर बरोबर त्याची नोकरी, असं त्यांनी जाहीर केलं. नमुनाही उत्साहात स्वतःचाच दिला.

निळ्या औषधात लघवीचे थेंब टाकून नळी उकळायची. साखर असली तर रंग विटेसारखा होतो. बापूरावांनी नळी आपल्या टोपीआड सरकवली आणि झटकन लिहिलं, ‘साखर नाही’. प्रमिलाबाईंनी थेंब मोजून टाकले, घड्याळ पाहिलं आणि लिहिलं, ‘साखर भरपूर’.

“पाहा,” भैय्याजी खुलले. “अनुभव तो अनुभव. मले साखर नाई, हे बापूराव सहा सालापासून लिहून देऊन राह्यले.”

नोकरी वाचली होती. गोपिकाने आता गप्प बसायचं होतं. पण बाबांनी नळी टोपीआड का ठेवली, हे पाहिल्याशिवाय तिला राहवेना. तिने टोपी उचलली. नळी विटेसारखी लाल.

“बाबा, रंग तर दोन्ही नळ्यांचा सारखाच आहे. मंग ‘नाही’ काऊन लिहिलं?”

बापूराव खाली बघत म्हणाले, “एकदा खरं लिहिलं होतं. भैय्याजींनी रिपोर्ट फाडला, मले महिनाभर बाटल्या धुवाले लावलं. तवापासून कागदावर ‘नाही’ लिहितो, अन् खरं कुसुमबाईले सांगतो.”

कुसुमबाई म्हणजे भैय्याजींची बायको.

“म्हणून सहा सालं झाले, मी कारले खाऊन राह्यलो,” भैय्याजी म्हणाले.

खात्रीसाठी रक्त काढायचं ठरलं. प्रमिलाबाईंनी तीनदा टोचलं, पण शीर सापडेना. बापूरावांनी एकदाच बोट फिरवलं आणि काम झालं. कमिटीने दोघांनाही ठेवलं.

जेवताना गोपिकाने आईबाबांना सांगून टाकलं, “मी सायन्स घेणार. डिगरी काढणार. अन् सुई टोचाचं बाबांपाशी शिकणार.”

“अन् रिपोर्ट लिहाचं?” आईने विचारलं.

गोपिकाने बाबांकडे पाहिलं. “ते प्रमिलाबाईपाशी.”