संकष्टीच्या मुंग्या

पहाटे पाचला आंघोळ आटोपून नंदिनीबाई पीठसाखरेची वाटी घेऊन मागच्या दाराशी आल्या, तर परसात तुळशीपाशी दोन माणसं खुर्च्या टाकून बसलेली. एक त्यांचा मुलगा गुरुप्रसाद आणि दुसरे त्याचे गाईड, उदयसिंह सर. सर साडेपाचला येणार असं ठरलं होतं. पण रोज पहाटे रंकाळा तळ्यावर फिरायला जाणाऱ्या सरांनी आज फिरणं सोडून गाडी सरळ कळंब्यातल्या या घराकडे वळवली होती. नंदिनीबाईंनी वाटी पदराआड घेतली आणि दार हलकेच लोटून त्या आत उभ्या राहिल्या.

सहा वर्षांत त्यांचा हा नेम एकदाही चुकला नव्हता. यजमान दत्तोपंत गेले, त्याच वर्षी गुरुप्रसादची पीएच.डी. अडली. तेव्हा तो गोगलगायींवर काम करत होता आणि गोगलगायी मिळेनाशा झाल्या होत्या. नंदिनीबाईंनी देवापुढे हात जोडून संकल्प सोडला. मुलाला डॉक्टरेट मिळेपर्यंत रोज उजाडायच्या आत मुंग्यांना साखर घालीन. कुणाला दिसू देणार नाही, घालताना बोलणार नाही, कुणाला सांगणार नाही. साखर नुसती कशी टाकायची, म्हणून त्या तांदळाच्या पिठात पिठीसाखर मिसळून त्याचीच रांगोळी काढत. रोज साधी तीन रेघांची, एकादशीला गोपद्मं, पौर्णिमेला कमळ, संकष्टीला एकवीस ठिपके. अमावास्येला फक्त एक आडवी रेघ.

आणि संकल्प फळला म्हणायचा! महिन्याभरातच गुरुप्रसाद आनंदाने ओरडत घरात आला होता. "आई, विषय सापडला! आपल्याच परसात!" नंदिनीबाईंनी देवाला साखर ठेवली. विषय कोणता ते त्यांनी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. विद्यापीठात एकदा विषय बोलून दाखवला की तो चोरीला जातो, असं त्याचं ठाम मत होतं.

त्याच्याबरोबर नाव नोंदवलेले सगळे कधीच पार झाले होते. एकाने गुळाच्या काहिलीवर येणाऱ्या मळीत काय काय असतं ते शोधलं. एकीने तालमींच्या फुटबॉल संघांचं वैर कोणत्या गल्लीत सुरू होतं आणि कोणत्या गल्लीत जिरतं याचा नकाशा काढला. एकाने म्हशीच्या रवंथाचा आवाज ध्वनिमुद्रित करून पदवी घेतली. शेणकिड्यांवर प्रबंध लिहिणाऱ्याला तर नोकरीसुद्धा लागली. गुरुप्रसाद मात्र चौतिसाव्या वर्षी एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर बेडकाची आकृती काढत होता. मुदतवाढ मिळून मिळून संपली होती. या महिनाअखेरीस प्रबंध गेला नाही तर नऊ वर्षांवर पाणी, आणि त्याच दिवशी सरही निवृत्त होणार. सरांची एक सही हवी होती.

"आलेख लई देखणा हाय तुझा," सर म्हणाले होते. "म्हणूनच भ्या वाटतंय. मी स्वतः डोळ्यांनी बघितल्याबिगर सही करणार न्हाय."

आता परसात पावणेसहा वाजले होते. याच वेळी मुंग्या बाहेर येत. गुरुप्रसादचा कॅमेराही रोज याच वेळेला लावलेला असे.

"आज कृष्ण चतुर्थी, सर," तो कुजबुजला. "आज त्या एकवीस ठिकाणी गोळा होतील."

"एकवीसच?"

"सहा वर्षांत वीस नाहीत नि बावीस नाहीत. चंद्राच्या कलेप्रमाणे त्यांचे मार्ग बदलतात. पौर्णिमेला वर्तुळात, अमावास्येला एका सरळ रेषेत. अधिक महिन्यात तर रोज तेहतीस फाटे. सहावं प्रकरण त्यावरच आहे, सर. अधिक महिना मुंग्यांना कसा कळतो, हे मात्र मला अजून उलगडलेलं नाही."

"ते मलाबी न्हाय उलगडलं," सर म्हणाले आणि घड्याळाकडे बघू लागले.

आत नंदिनीबाई दाराच्या फटीतून आभाळाकडे बघत होत्या. उजाडायला आलं होतं. नेमात खंड पडायचा, तर तोही आजच पडावा, मुलाच्या सहीच्या दिवशी? त्या चपला न घालता जिना चढून वर गेल्या आणि भाडेकरू मुलीचं दार वाजवलं.

निशा मलकापूरची. समाजशास्त्रात पीएच.डी. करत होती आणि तिचा विषय होता शहरातल्या बायकांची व्रतं. दोनशे बारा बायकांना तिने दोन-दोन तास बसवून प्रश्न विचारले होते, त्यांत पहिल्या नंदिनीबाई. "आमच्या घरात बाबासाहेबांच्या पिढीपासून असलं काय कोण करत न्हाय, काकू," ती पहिल्याच दिवशी म्हणाली होती, "म्हणून तर मला सगळं विचारायला लागतंय." नंदिनीबाईंनी कुणाला न सांगण्याचा संकल्प मोडायचा कसा, असं विचारलं, तेव्हा तिने एक छापील कागद पुढे केला. माहिती गुप्त राहील, नाव कुठेही येणार नाही, आणि खाली तिची सही. लिहून दिल्यावर ते सांगणं होत नाही, असं दोघींनी मिळून ठरवलं.

"निशा, ऊठ गं. तुझ्या वहीत बघ जरा. नेम चुकायची वेळ आली तर काय करायचं, लिहिलंय का काही?"

निशा डोळे चोळत उठली. "काकू, माझ्याकडं बायका का करत्यात ते हाय. चुकलं तर काय करायचं ते गुरुजींना विचारायचं."

"गुरुजी आत्ता कुठे? परसात माणसं बसलीत. त्यांच्या डोळ्यांदेखत घातली तर मोडतं का, एवढंच सांग."

निशाने लॅपटॉप उघडला. "थांबा. प्रश्न एकोणिसावा... ह्ये बघा. चौसष्ट टक्के बायका म्हणत्यात, उगवतीच्या आत झालं की झालं. कुणी बघितलं तर मोडतं म्हणणाऱ्या फक्त बारा टक्के. आणि त्यातल्या निम्म्या म्हणत्यात, बघणारा देवमाणूस असंल तर चालतंय."

"बाकीच्या?"

"सांगता येत नाही, असं म्हणत्यात."

नंदिनीबाईंना एवढा आधार पुरेसा होता. चौसष्ट टक्के बायका पाठीशी आहेत म्हटल्यावर त्यांच्या पायांत बळ आलं.

परसात सहाला पाच मिनिटं उरली होती आणि एकही मुंगी नव्हती. गुरुप्रसादच्या कपाळावर घाम आला होता.

"थंडी आहे ना, सर."

"मे महिन्यात?"

"कदाचित आपण बसल्याने कंपनं..."

"मी काय हत्ती हाय व्हय रे?" सर म्हणाले. पण आवाजात चिडण्यापेक्षा कीव जास्त होती. त्यांनी पेन खिशाला परत लावलं.

तेवढ्यात मागचं दार उघडलं. खाली मान घालून, ओठ मिटून नंदिनीबाई आल्या. सरांना हातानेच 'जरा बाजूला' अशी खूण केली. सर दचकून खुर्चीसकट सरकले. तुळशीपुढे बसून नंदिनीबाईंनी चिमटीतून पीठ सोडायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. गोल, एकसारखे ठिपके. गुरुप्रसाद अर्धवट उठला, त्याला काही बोलायचं होतं, पण सरांनी त्याचा दंड धरला. दोघेही मोजत होते.

ठिपके संपले. नंदिनीबाईंनी नमस्कार केला आणि त्या मागे होऊन उभ्या राहिल्या. दहा मिनिटं गेली. मग भिंतीच्या चिरेतून पहिली मुंगी आली, तिच्यामागून दुसरी, आणि बघता बघता काळ्या रांगा सुटल्या.

सर वाकले. बोट नाचवत त्यांनी शेवटपर्यंत मोजलं.

"एकवीस," ते म्हणाले. "बरोबर हाय तुझं."

गुरुप्रसाद खाली बसला. खुर्ची होती, तरी जमिनीवर बसला.

"झाली का रे सही?" नंदिनीबाईंनी हळूच विचारलं. मुंग्या आल्यावर बोलायला हरकत नव्हती.

"वहिनी," सर म्हणाले, "ह्ये किती दिवस चाललंय?"

"आता सांगायला काय, तुम्ही बघितलंच. सहा वर्षं होतील. याच्या पीएच.डी.साठीच तर."

"आणि अधिक महिन्यात?"

"तेहतीस ठिपके," नंदिनीबाई म्हणाल्या. "अधिकाला तेहतीसच असतात."

"घ्या," सर गुरुप्रसादला म्हणाले, "सहावं प्रकरण उलगडलं."

जिन्यावर निशा उभी होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता. गुरुप्रसादने मान वर केली.

"तुला माहीत होतं?"

"साखरेचं व्हय. दोन वर्षं झाली."

"आणि बोलली नाहीस?"

"कशी बोलणार, दादा? सही करून दिलीया मी. प्रतिसादकाचा चकार शब्द बाहेर काढणार न्हाय म्हणून. आणि तुम्ही तरी कवा सांगितलंसा? कशावर काम करताय विचारलं की म्हणायचासा, 'चंद्रावर'!"

रांगोळीची नोंद त्याच्या प्रबंधात होती. दुसऱ्या प्रकरणात, परिसराच्या वर्णनात त्याने लिहिलं होतं की पूर्वेला तुळस असून तिच्यापुढे घरगुती रांगोळी असते, तिचा प्रयोगाशी संबंध नाही.

चहा झाला. सरांनी बिनसाखरेचा घेतला, मधुमेहामुळे, पण त्या दिवशी ते टोमण्यासारखं दिसलं.

"आई," गुरुप्रसाद म्हणाला, "उद्यापासून साखर बंद."

"बंद कशी करू? तुझं होईपर्यंत घालायची म्हटलंय."

"तू घालतेस तोवर माझं व्हायचं नाही."

"आणि तुझं झाल्याशिवाय मला थांबता यायचं नाही."

दोघंही सरांकडे बघू लागले. सरांनी बशी खाली ठेवली.

"ह्ये बाकी अवघड हाय," ते म्हणाले. "माझ्या हातात एकच हाय. जाता जाता सहा महिन्यांची मुदत मागतो. मिळाली तर साखरेबिगर सहा महिने बघ. मुंग्या आल्या तर तुझं नशीब."

मुदत मिळाली. नंदिनीबाईंनी त्या दिवशी काही खाल्लं नाही. दुसऱ्या दिवशी अंबाबाईच्या देवळात जाऊन आल्या. तिथे काय बोलल्या ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. वाटी घासून, पुसून फळीवर पालथी घातली. त्यानंतर त्या पहाटे उठत, आंघोळ करत आणि स्वयंपाकघरात नुसत्या उभ्या राहत. सहा वर्षांची सवय, हातांना काय करावं कळत नसे.

परसात गुरुप्रसाद वही घेऊन बसे. संकष्टीला शून्य. एकादशीला शून्य. पौर्णिमेला एक मुंगी आली, रिकाम्या फरशीवर दोनदा फिरली आणि चूक कळल्यासारखी परत गेली. तिची नोंद त्याने तारांकित केली. त्याचं जेवण कमी झालं. घरात कुणी मोठ्याने बोलेना. सहाव्या महिन्याच्या शेवटी त्याने एका पानाचा अहवाल लिहिला. 'चंद्रकला व मुंग्यांचे मार्ग यांत कोणताही संबंध आढळला नाही.' विद्यापीठातून पत्र आलं, नोंदणी रद्द. पत्रावर त्याच्या नावाआधी 'श्री.' होतं. नंदिनीबाईंनी ते पत्र देवघरात ठेवलं नाही, पण फेकूनही दिलं नाही.

त्याच दिवसांत वरच्या मजल्यावर निशाचं लिखाण संपत आलं होतं. रात्रंदिवस टकटक चाले. तिची आई, सरुबाई, मलकापुराहून फोन करून विचारी, "झालं का ग तुझं एकदाचं?" आणि निशा म्हणे, "झालंच, आई." शेवटी झालंच. काळ्या कापडी बांधणीच्या, सोनेरी अक्षरांच्या पाच प्रती आल्या. तिच्या गाईडबाई सगळ्यात खूश होत्या त्या शेवटच्या प्रकरणावर. दोनशे बारा घरं पालथी घालून निशाने सिद्ध केलं होतं की घराच्या भल्याचं व्रत बाईच करते, पुरुष एकही नाही. "इतका स्वच्छ निष्कर्ष मी पंचवीस वर्षांत बघितला नाही," बाई म्हणाल्या होत्या. "यावर पुस्तक निघेल."

प्रती जमा करायच्या त्या दिवशी निशा पहाटेच उठली. काकूंच्या पाया पडून पहिल्या गाडीने विद्यापीठ गाठायचं, असं तिने ठरवलं होतं. पाच प्रती छातीशी धरून ती खाली आली. नंदिनीबाई मागच्या दाराशी उभ्या होत्या, परसाकडे तोंड करून. निशा हाक मारणार, तोच त्यांनी तोंडावर बोट ठेवलं.

परसात तुळशीपुढे गुरुप्रसाद उकिडवा बसला होता. हातात वाटी. चिमटीतून पीठ सोडायची सवय नसल्याने रेघ कुठे जाड, कुठे तुटलेली येत होती. तीन रेघा कशाबशा पुऱ्या करून त्याने हात जोडले.

"काकू," निशा कुजबुजली, "ह्ये कवापासून?"

"वीस-एक दिवस झाले असतील," नंदिनीबाई अगदी हळू म्हणाल्या. "त्याने सांगितलं नाही गं. पण डब्यातली साखर उतरलेली मला कळत नाही होय? आता त्याला बोलायला लावू नकोस, मोडेल."

पण निशाला राहवलं नाही. ती दोन पायऱ्या उतरली. "दादा, आता कशासाठी?"

गुरुप्रसादने वळून पाहिलं. ओठ घट्ट मिटलेले होते, पण सहा महिन्यांत प्रथमच त्याच्या चेहऱ्यावर थोडं हसू होतं. त्याने हात वर केला आणि तिच्या छातीशी धरलेल्या पाच प्रतींकडे बोट दाखवलं.

निशा पायरीवर बसली. मग वरची प्रत उघडून तिने शेवटचं प्रकरण काढलं. 'पुरुष एकही नाही' हे वाक्य जागच्या जागी होतं, ठळक छापलेलं. तिने प्रत मिटली, खांद्यावरच्या पिशवीत हात घातला, तळाची एक कोरी प्रश्नावली काढली आणि मांडीवर ठेवून पेनाचं टोपण उघडलं.

"प्रतिसादक क्रमांक दोनशे तेरा," ती म्हणाली. तिला रडू येत होतं. "वय सांगा, दादा."

गुरुप्रसादने ओठांवर बोट ठेवलं. मुंग्या अजून यायच्या होत्या.